डिसेंबरची सुट्टी: भरीत, चांगदेव आणि बागेतली एक रात्र

पाचव्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर दुपारी संपला आणि त्याच रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणं सोडलं. सोबत माझा रूममेट होता. तो रत्नागिरीचा. अडीच वर्षं एका खोलीत राहून माझ्याकडून केळी, भरीत आणि थंडी यांच्या गोष्टी ऐकून झाल्यावर तो म्हणाला होता, "या वेळी आधी तुझ्या घरी चार दिवस, मग माझ्या." घरून निघताना आईने दिलेला डबा मी दर वेळी हॉस्टेलवर उघडतो. ते घर त्याला दाखवायचं म्हणून मी पेपरच्या आदल्या रात्रीसुद्धा खूश होतो.

पहिला दिवस: भुसावळ ते घर

चाळीसगाव गेलं तेव्हा बाहेर अंधारच होता. जळगावनंतर खिडकीची काच गार लागायला लागली आणि भुसावळला फलाटावर उतरलो तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. रूममेटने पातळ विंडचीटर आणला होता. त्याने ती वाफ आधी मजेने पाहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हे रोज असतं?" फलाटावरचा आल्याचा चहा दोन-दोन कप झाला तेव्हा कुठे तो बोलता झाला.

भुसावळहून फैजपूरकडे एसटीने निघालं की तापीचा पूल लागतो, आणि पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळी सुरू. कोकणात केळ परसात असते, चार-सहा खोडं. इथे डोळा पोचेल तिथवर केळीच. रूममेटने अर्धा रस्ता खिडकीला नाक लावून काढला. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे त्याला माझ्याकडून पाठ झालं होतं, पण पाहिल्यावर तो एवढंच म्हणाला, "मला वाटायचं तू वाढवून सांगतोस."

घराच्या ओट्यावर आजी उन्हात बसली होती. मला पाहून उठायला लागली, मीच जाऊन वाकलो. तिने आधी दंड चाचपला. "आला का रे भाऊ? किती वाळला रे! मेसवाले खाऊ घालत नाही का तुले?" मग रूममेटकडे बघून म्हणाली, "अन् हा तर तुह्यापेक्षा वाळला!" त्याक्षणी त्याचं आमच्या घरात जमलं.

दुपारी आईने वरण-बट्टी केली होती, सोबत वांग्याची घोटलेली भाजी. बट्टी कुस्करून त्यावर वरण आणि वरून तूप ओतायचं, हात आखडायचा नाही. रूममेट पहिल्या घासाला भात कुठे आहे ते शोधत होता. तिसऱ्या बट्टीनंतर भाताची चौकशी बंद झाली. जेवून आम्ही दोघं जे झोपलो ते दिवेलागणीलाच उठलो.

इकडे येणार असाल तर एक सांगतो. सावदा, फैजपूर, यावल या बाजूला यायचं असेल तर जळगावपेक्षा भुसावळला उतरणं सोयीचं. बऱ्याच लांबच्या गाड्या तिथे थांबतात आणि पुढे एसटी मिळते. डिसेंबर-जानेवारीत स्वेटरसोबत कानटोपी हवीच. दुपारी ऊन चांगलं लागतं म्हणून माणूस फसतो. खरी थंडी रात्री बारानंतर सुरू होते.

दुसरा दिवस: कापणी आणि आजीची गोष्ट

सकाळी काकांच्या शेतात केळीची कापणी होती. घड कापणारा एक, खांद्यावर झेलणारा दुसरा, आणि मध्ये एक शब्दही नाही. विळ्याचा घाव बसला की घड हळूच खाली येतो आणि झेलणाऱ्याच्या खांद्यावरच्या घडीवर बसतो. रूममेटने एक घड उचलून पाहिला, पंचवीस किलोच्या आसपास भरला असेल. तो दहा पावलं चालला. ती माणसं दिवसभर चालतात.

काका मात्र खुशीत नव्हते. पारा रोज उतरत होता. केळी उष्ण हवेचं पीक. दहा अंशांखाली गेलं की तिची वाढ थबकते, नवं पान निघायला वेळ लागतो, घड भरत नाही, आणि निसवायच्या, म्हणजे घड बाहेर टाकायच्या बेतात असलेल्या खोडात घड गळ्याशीच अडकतो. "आपली मृगबाग आता निसवनीले आली," पप्पा काकांना म्हणत होते, "हे आठ-दहा दिवस निघाले पाहिजे." मृगबाग म्हणजे मृगाच्या सुमाराला लावलेली बाग. मी ते ऐकलं आणि विसरलो. पाहुणा घेऊन आलो होतो, डोक्यात सगळा भरीताचा बेत होता.

संध्याकाळी फैजपूरला फिरून आलो तेव्हा आजीने रूममेटला विचारलं, "इथं काँग्रेस भरली होती, ठाऊक आहे का तुले?" डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन फैजपूरला भरलं होतं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. अधिवेशन खेड्यात व्हावं हा आग्रह गांधीजींचा, आणि तिथली सगळी सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावाकडच्याच साहित्यातून उभी केली होती. हे पुस्तकात मिळतं. आजीची गोष्ट मात्र तिच्या वडिलांची आहे. तेव्हा ते लहान पोर होते, बैलगाडीत बसून आले होते, आणि त्यांना भाषण एकही आठवत नसे. आठवत होती ती इतकी माणसं एका जागी पहिल्यांदा पाहिल्याची भीती, आणि गाडीत अंथरलेल्या कडब्याची ऊब. "थंडीचेच दिवस होते ना," आजी म्हणाली. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, पण कडब्याचं आजी या वेळी पहिल्यांदाच बोलली. बहुतेक कोणीतरी नवीन माणूस लक्ष देऊन ऐकत होता म्हणून.

तिसरा दिवस: भरीत

आमच्याकडे भरीत घरात करतात, पण भरीत पार्टी शेतातच होते. शाळेतले आम्ही सात जण, रूममेट, आणि शेवटी हौसेने आलेले काका. आजी चातुर्मासात वांगं खात नाही. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच सुरू करते. ती होऊन गेली होती, म्हणजे घरचं भरीतही मोकळं झालं होतं आणि वांगीही भरात आली होती.

वांगी बामणोदची. हिरवीगार, पांढरट रेघांची, एकेक अर्ध्या किलोच्या घरात. जळगावच्या भरीताच्या वांग्यालाही २०१६ मध्येच मानांकन मिळालं आहे. काकांनी रूममेटला वांगं निवडायला शिकवलं. हातात घेतलं की आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे, जड वांग्यात बिया असतात. साल ताठ, चमकदार, देठ हिरवा.

मग पऱ्हाट्या पेटवल्या. कपाशीची वाळलेली झाडं. गॅसवरच्या आणि पऱ्हाट्यांवरच्या भरीतात जो फरक आहे तो इथेच पडतो. पऱ्हाटी भरकन पेटते, जाळ मोठा होतो आणि तिचा धूर वांग्याच्या आत शिरतो. वांग्याला तेलाचा हात लावायचा, सुरीने दोन-तीन टोचे द्यायचे, नाहीतर ते फुटतं. मग जाळात टाकून काठीने फिरवत राहायचं. साल कोळशासारखी काळी होते, वांगं आपल्याच वजनाने खचतं, देठाजवळून रस फसफसत बाहेर येतो. देठाच्या बाजूला काठी टोचून बघायची. तिथे मऊ लागलं म्हणजे झालं, कारण सगळ्यांत शेवटी तोच भाग शिजतो.

सोलताना पाण्यात बुडवायचं नाही. बोटं भाजतात, भाजू द्यायची. पाणी लागलं की धूर गेला. सोललेली वांगी लाकडी बडगीत ठेचली. हिरवी मिरची आणि लसूण वेगळा ठेचून, शेंगदाण्यांसोबत भरपूर तेलात परतून, कांद्याची पात आणि कोथिंबीर घालून सगळं एकत्र केलं. सोबत आईने करून दिलेल्या कळण्याच्या पुऱ्या. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून, मीठ घालून केलेलं पीठ म्हणजे कळणा. ताटं नेलीच नव्हती. बागेतली केळीची पानं कापली, पुसली, मांडली.

रूममेटच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो थांबत नव्हता. जेवण झाल्यावर कोणी बोलेना. ऊन उतरत होतं, सातपुड्याची रांग निळी झाली होती. रावेरचा मित्र पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे पाचला पळतो. त्याने पोटावर हात ठेवून उद्याचं पळणं रद्द झाल्याचं जाहीर केलं.

तुम्हाला शेतातल्या पार्टीचं आमंत्रण नसेल तरी हरकत नाही. हंगामात जळगावात तयार भरीत किलोवर विकत मिळतं, आणि तेही जाळावर भाजलेलंच असतं. कळण्याची भाकरी किंवा पुरी आवर्जून मागा. गव्हाच्या पोळीसोबत खाल्लं तर अर्धीच मजा.

चौथा दिवस: हतनूर, चांगदेव, मुक्ताई

पहाटे काकांची मोटारसायकल आणि मित्राची एक, असे चौघं निघालो. हतनूर धरणाच्या पाण्यावर धुकं होतं. तापीवरच्या या धरणाला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की बातमी होते, हिवाळ्यात इथे पक्षी येतात. धुकं विरळ झालं तेव्हा पाण्याच्या कडेला विटकरी रंगाची चक्रवाकांची जोडी दिसली, मग दुसरी, मग थव्याने बदकं. आमच्याकडे दुर्बीण नव्हती. तिथे आलेल्या एका निवृत्त गुरुजींनी आपली दिली आणि थापट्या कसा ओळखायचा तेही दाखवलं. चोच पुढे पसरट, उलथन्यासारखी. माझं शाळेपर्यंतचं सगळं आयुष्य इथून जवळ गेलं आणि हा पक्षी मी पहिल्यांदा पाहिला.

चांगदेवला पोचलो तोवर ऊन आलं होतं. तापी आणि पूर्णा यांचा संगम, काठावर चांगदेवांचं हेमाडपंती देऊळ. आत गार, दगडाचा वास, आणि गर्दी अजिबात नाही. चौदाशे वर्षांचे योगी चांगदेव ज्ञानेश्वरांना काय लिहावं हे न कळून कोरं पत्र पाठवतात, त्या पत्राला पासष्ट ओव्यांचं उत्तर जातं, आणि शेवटी ते छोट्या मुक्ताबाईंना गुरू करतात, ही कथा रूममेटला ठाऊक होती. ती मुक्ताबाई इथे आमच्या तापीकाठी विजेच्या लखलखाटात गुप्त झाली असं परंपरा सांगते, हे त्याला ठाऊक नव्हतं. नावेतून संगमावर गेलो. नाववाल्या काकांनी हात पाण्यात घालून दोन्ही नद्यांचं पाणी कुठे मिळतं ते दाखवलं. मला रंगातला फरक दिसला असं वाटलं. रूममेटला नाही दिसला.

तिथून मुक्ताईनगर, कोथळीचं मुक्ताईचं जुनं देऊळ. १२७९ ते १२९७ असा मुक्ताबाईंचा काळ मानतात, म्हणजे अठरा वर्षं. देवळातल्या एका आजीने आम्हाला विचारलं, काय शिकता रे बाळांनो? इंजिनिअरिंग म्हटल्यावर म्हणाली, "शिका शिका. आमची मुक्ताई तुमच्याहून लहान होती." रागाने नव्हे, फार प्रेमाने म्हणाली. परतताना आम्ही बराच वेळ गप्प होतो.

इकडे यायचं तर सकाळचाच वेळ धरा, आणि संगमावर नावेत बसणार असाल तर पाण्याची खोली लक्षात घेऊन लाइफ जॅकेट मागा. अजिंठा याच सहलीत जोडणार असाल तर लक्षात ठेवा, लेणी सोमवारी बंद असतात.

रात्री रूममेटला भुसावळला गाडीत बसवलं. आजीने त्याच्यासाठी आजोबांची जुनी लोकरीची कानटोपी काढून ठेवली होती. रत्नागिरीत तिचं काय करणार हे त्याने विचारलं नाही. तिथेच डोक्यावर चढवली.

पाचवा आणि सहावा दिवस

या दोन दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही आणि मला ते दोन दिवस फार आवडले. उन्हात बसून आजीसोबत तुरीच्या शेंगा सोलल्या. नाशिकला नर्सिंग करणारी शाळेतली मैत्रीण आली होती, तिच्यासोबत कट्ट्यावर दोन तास गेले. तिची नाइट ड्यूटी ऐकल्यावर मी माझ्या सबमिशनबद्दल काही बोललो नाही. ज्याने शेती सांभाळायची ठरवली तो मित्र चहा अर्धा टाकून उठला. लाइट आली होती, मोटार चालू करायची होती.

सातवा दिवस, म्हणजे सातवी रात्र

मोबाइलवर रात्रीचं तापमान ८ अंश दाखवत होतं. आमच्या फीडरला, म्हणजे शेतांना वीज देणाऱ्या लाइनला, त्या आठवड्यात लाइटीची पाळी रात्रीची होती. पप्पा रोज रात्री बागेला पाणी द्यायला शेजारच्या शेतातल्या दादांसोबत जात होते. बिबट्याच्या भीतीमुळे आमच्याकडे रात्री बागेत एकटं कोणी जात नाही. त्या दिवशी दादा गावाला गेले होते. जेवताना पप्पा फोन लावून कोणी सोबत येतं का ते विचारत होते. मी समोर बसलो होतो. त्यांनी मला विचारलंच नाही. मी सुट्टीवर आलोय, झोपावं, एवढाच त्यांचा विचार. दिवाळीत असंच झालं होतं आणि मी झोपलो होतो.

"मी येतो," म्हटलं.

त्यांनी एकदा पाहिलं. "चाल मंग. कानाले बांध काही."

अकराला पोचलो. दोन टॉर्च, दोन काठ्या, मोबाइलवर मोठ्याने लावलेली भजनं. बिबट्याला आवाज ऐकू जावा म्हणून. केळीच्या बागेत रात्री काय असतं हे मला माहीत नव्हतं. पानांमुळे आकाश दिसत नाही, आणि दवाचे थेंब वरच्या पानावरून खालच्या पानावर पडतात त्याचा टप-टप आवाज सगळीकडून येतो. दर आवाजाला कोणीतरी चालत येतंय असं वाटतं. पप्पांना अजिबात वाटत नव्हतं. ते एकेक व्हॉल्व्ह फिरवत पुढे जात होते, मी टॉर्च धरून मागे.

ठिबकच्या नळ्या वाहायला लागल्या. हौदापाशी पाइपचं तोंड उघडं होतं, तिथे पप्पांनी मला थांबवलं. "हात लाव पाण्याले." मला वाटलं बर्फासारखं असेल. पाणी कोमट होतं. बोअरमधून वर येणारं पाणी, आणि त्यावरून चक्क वाफ निघत होती. हवा आठ अंशांची आणि पाणी जमिनीखालचं. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर मी आठच दिवसांपूर्वी दिला होता, त्यात उष्णताधारणेचं गणित सोडवलं होतं. रात्री पाणी दिलं की बागेतली जमीन उबदार राहते ही तीच गोष्ट. ती मला त्या हौदावर, गारठलेल्या बोटांना, पहिल्यांदा कळली. मी दोन्ही हात मनगटापर्यंत घातले आणि बराच वेळ काढले नाहीत. पप्पाही शेजारी तसेच हात घालून उभे राहिले.

तीननंतर गारवा फार वाढला. आता धूर करायचा होता. बांधावर ठिकठिकाणी वाळलेल्या पानांचे ढीग आधीच लावलेले होते. पेटवायचे, आणि जाळ उठला की वर ओलं गवत टाकायचं, म्हणजे जाळ बसतो आणि धूर धरतो. जाळ उंच गेला तर कडेची पानं करपतात. पहिल्या ढिगाला मी गवत उशिरा टाकलं आणि दोन पानं भाजलीच. पप्पा काही बोलले नाहीत. पुढच्या ढिगापाशी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून थांबवलं, थोडं थांबवलं, आणि मग म्हणाले, "आता." धूर वर गेला नाही. बागेत शिरला आणि खोडांमधून आडवा पसरत गेला. तो तसाच जावा अशीच त्यांची इच्छा होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

शेवटच्या ढिगापाशी शेकत बसलो. पप्पांनी विचारलं, हॉस्टेलवर गरम पाणी येतं का? येतं, म्हटलं, सहा ते सात. मेस बदलली का? बदलली. मग म्हणाले की मी पहिल्या वर्षाला गेलो तेव्हा पहिले पंधरा दिवस ते रात्री पाणी द्यायला आले की माझ्या हॉस्टेलचा विचार करायचे, कारण तेवढाच वेळ मोकळा असायचा. एवढंच. मी काय बोलावं ते मला सुचलं नाही. ओलं गवत टाकलं.

पहाटे लाइट गेली, मोटार बंद पडली आणि एकदम इतकी शांतता झाली की भजनाचा आवाजच मोठा वाटला. परतताना पप्पांनी तिसऱ्या ओळीतलं एक खोड टॉर्चने दाखवलं. वरचं पान आखूड, उभं निघालं होतं. आता यानंतर घड येतो, ते म्हणाले. थंडीने अडकला नाही तर.

आठवा आणि नववा दिवस

आठव्या रात्रीही गेलो. या वेळी पप्पांनी फोन लावले नाहीत, जेवण झाल्यावर माझी कानटोपी माझ्यासमोर ठेवली. गवत टाकायची वेळ मला दोनदा बरोबर साधली.

नवव्या दिवशी निघायचं होतं. आईने कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू बांधून दिले. वांगीही देत होती, मी नको म्हटलं, हॉस्टेलवर जाळ कुठून आणू. आजीने ओट्यावरून हात हलवला आणि मी वळणावर गेलो तरी हलवत होती.

हे लिहितोय तेव्हा पुण्यात येऊन बारा दिवस झालेत. रूममेट कानटोपी घालूनच परतला. परवा रात्री पप्पांचा फोटो आला, टॉर्चच्या उजेडात काढलेला, थोडा हललेला. तिसऱ्या ओळीतलं तेच खोड. पानांमधून जांभळं कमळ पूर्ण बाहेर आलं होतं आणि मान वाकवून खाली बघत होतं. खाली एकच शब्द लिहिला होता: "निसवली."